लॅपटॉप बाहेरचा माईक घेत नाही, तानपुरा रेकॉर्ड करायचाय

जवारीवाला

मंडळी नमस्कार. तांत्रिक विभागात पहिल्यांदाच लिहितोय, सांभाळून घ्या.

मिरजेत आमचा तंतुवाद्यांचा पिढीजात धंदा. पूर्वी गिऱ्हाईक दुकानात यायचं, मांडी घालून बसायचं, तानपुरा कानाला लावून तासभर छेडायचं आणि मग भावाचं बोलणं सुरू व्हायचं. आता निम्मे लोक फोनवरच "आधी आवाज पाठवा" म्हणतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं, तेव्हापासून परगावचे फोन जरा जास्तच. व्हॉट्सअॅपची व्हॉइस नोट पाठवली तर जवारी, म्हणजे तारेचा तो भरलेला झंकार, पार मरते. चार तारा नुसत्या गुणगुणतात, कशावरून कोण पैसे देईल?

म्हणून लॅपटॉपवर नीट रेकॉर्ड करून फाईल पाठवायची ठरवलं. मावसभाऊ लग्नाचं शूटिंग करतो, त्याने कॅमेऱ्यावरचा छोटा माईक दिलाय. वायरचा आहे, टोकाला हेडफोनसारखी बारीक पिन. कॅमेऱ्यावर तोच माईक झकास चालतो. लॅपटॉपला एकच भोक आहे, शेजारी हेडफोन आणि माईक एकत्र असलेलं चित्र. त्यात पिन लावली, ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये लाल बटण दाबलं. रेकॉर्डिंग होतं, पण आवाज लांबचा येतो, आणि त्यात लॅपटॉपचा पंखाच मोठा. संशय आला म्हणून माईक तसाच जोडलेला ठेवून उशीखाली दाबला. रेकॉर्डिंगमध्ये काडीचा फरक नाही! म्हणजे हा पठ्ठ्या बाहेरच्या माईककडे बघतच नाहीये.

विंडोज ११ आहे. काय करू?


झटपट

ड्रायव्हर उडालाय. फॉरमॅट मारा, विंडोज नवीन टाका. अर्ध्या दिवसाचं काम.


कृष्णाकाठी

झटपटराव, तुम्हाला सर्दी झालेला माणूस दिसला तरी तुम्ही फॉरमॅटच मारा म्हणणार. जरा दमानं घ्या की.

जवारीवाला, सांगलीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, रोज हेच बघतो. फॉरमॅट वगैरे काही नको, आणि ते ड्रायव्हर शोधून देतो म्हणणारं फुकटचं सॉफ्टवेअर तर अजिबात टाकू नका. आधी दोन गोष्टी बघून सांगा.

एक, रेकॉर्डिंग चालू ठेवून नखाने बाहेरच्या माईकची जाळी खरवडा. मग लॅपटॉपच्या पडद्याच्या वरच्या कडेला, कॅमेऱ्याशेजारी खरवडा. खर्र कुठे मोठा येतो?

दोन, माईकची पिन हातात घ्या. तिच्यावर काळे पट्टे किती आहेत?


जवारीवाला

बघितलं. माईक खरवडला तर ढिम्म. कॅमेऱ्याशेजारी खरवडलं की आलेख पार वर उडतो. पिनवर काळे पट्टे दोन आहेत. मोबाईलसोबत आलेला हेडफोन काढून शेजारी धरला, त्याच्या पिनवर तीन आहेत. यात काही आहे का?


कृष्णाकाठी

सगळं त्यातच आहे भावा. इस्कटून सांगतो.

दोन काळे पट्टे म्हणजे पिनचे धातूचे तीन भाग. तीन पट्टे म्हणजे चार भाग. तुमच्या लॅपटॉपचं भोक चार भागांच्या पिनसाठी आहे. त्यात टोकाशी डाव्या कानाचा आवाज, मग उजव्या कानाचा, मग ग्राउंड, आणि सगळ्यात मागे, वायरीच्या बाजूला, माईक. आता तुमच्या कॅमेऱ्याच्या माईकची पिन तीन भागांची. तिच्यात मागचा लांब भाग ग्राउंड आहे आणि माईकचा आवाज टोकावर येतो. ही पिन लॅपटॉपात घातली की काय होतं? लॅपटॉपचा माईकवाला पत्रा सरळ ग्राउंडला चिकटतो. लॅपटॉप म्हणतो, अच्छा, माईक नसलेला हेडफोन लावलाय वाटतं. आणि तो निवांत आपला आतला माईक चालू ठेवतो. वर तुमच्या माईकच्या टोकावर, म्हणजे जिथून आवाज आत यायला पाहिजे तिथूनच, गाण्याचा आवाज बाहेर सोडतो.

जुन्या डेस्कटॉपला गुलाबी, हिरवं आणि निळं अशी वेगवेगळी भोकं असतात. गुलाबी माईकचं, हिरवं स्पीकरचं, निळं टेपरेकॉर्डरसारखा मोठा आवाज आत घ्यायचं. तिथे तुमचा माईक गुलाबी भोकात बसला असता. लॅपटॉपवाल्यांनी जागा वाचवायला सगळं एकात कोंबलं आणि आमच्या दुकानाला धंदा दिला.

उपाय स्वस्त आहे. छोटी जोडवायर मिळते, एका टोकाला चार भागांची पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन भोकं, एकावर माईकचं चित्र, एकावर हेडफोनचं. ती घ्या. घेताना नीट बघा, कारण उलटी वायरही दिसायला तशीच असते: एक भोक आणि दोन पिना. ती डेस्कटॉपवाल्यांसाठी, तुम्हाला उपयोगाची नाही.

आणि माईकवर बटणासारखी बॅटरी घालायची डबी आहे का? असेल तर सेल बघा. कंडेन्सर जातीच्या माईकला थोडी वीज लागते. कॉम्प्युटर ती पिनमधून देतो, काही माईक स्वतःच्या सेलवर चालतात.


पेन्ग्विनपंत

वायर विकत घेण्याआधी हार्डवेअर ठीक आहे का हे बघायची फुकट युक्ती सांगतो. उबुंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारं फुकटचं लिनक्स, पेनड्राइव्हवर घ्या, इन्स्टॉल न करता 'ट्राय' करून चालू करा. तिथे पाव्हूकंट्रोल हे आवाजाच्या सेटिंगचं अॅप टाकून इनपुट डिव्हाइसेसमध्ये...


कृष्णाकाठी

पंत, पिनच चुकीची आहे. उबुंटूतही ती तीन भागांचीच राहणार.


पेन्ग्विनपंत

ते मान्य. पण युक्ती म्हणून लिहून ठेवतो, पुढे कुणाला तरी लागेल. विंडोजमध्ये माईक चालत नाही आणि पेनड्राइव्हवरच्या लिनक्समध्ये चालतो, तर भोक-वायर ठीक आणि घोळ सेटिंगमध्ये. दोन्हीकडे चालत नाही, तर स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्या. टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीची, भीती नसेल तर लिनक्समध्येच अल्सामिक्सर उघडून एफ४ दाबा, कॅप्चरचे पट्टे दिसतात. तिथे 'माईक बूस्ट' शून्यावर असणं हा पुष्कळदा सापडणारा चोर.


शाळामास्तर

धाग्यात घुसतोय, माफ करा. मी सातारा जिल्ह्यातल्या शाळेत शिक्षक. शाळेच्या जुन्या डेस्कटॉपवर, विंडोज १०, मुलांच्या आवाजात कविता रेकॉर्ड करायच्या आहेत. माईक गुलाबी भोकातच लावलाय, पुढच्या बाजूच्या. ऑडॅसिटीत लाल बटण दाबलं की रेकॉर्डिंग डिव्हाइस उघडता येत नाही असा इंग्रजी निरोप येतो आणि संपलं. पोरं रांगेत उभी राहून राहून कविता विसरायला लागलीत.


कृष्णाकाठी

मास्तर, तुमचं दुखणं वेगळं दिसतंय. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, तिथे मायक्रोफोन. वरचं मुख्य बटण चालू करा, मग पान पार खालपर्यंत सरकवा. तळाशी 'अलाऊ डेस्कटॉप अॅप्स टू अॅक्सेस युवर मायक्रोफोन' अशी एक ओळ आहे. बहुतेक लोक वरचं बटण चालू बघतात आणि पान बंद करतात, खालचं बंदच राहतं. २०१८ च्या एप्रिल अपडेटपासून, म्हणजे १८०३ नंबरच्या, हे कुलूप ऑडॅसिटीसारख्या प्रोग्रॅमनाही लागू झालं. त्याआधी ते फक्त स्टोअरच्या अॅपना होतं.

ते चालू असूनही नाही झालं, तर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. छोटी खिडकी येईल, तिच्यात एम एम एस वाय एस, टिंब, सी पी एल हे इंग्रजीत जोडून लिहा. रेकॉर्डिंगचा टॅब. मोकळ्या जागेत उजवं बटण दाबून 'शो डिसेबल्ड डिव्हाइसेस'वर खूण करा. कुणीतरी माईक बंद करून ठेवला असेल तर राखाडी रंगात उगवेल. त्याला एनेबल करा आणि डीफॉल्ट करा.


शाळामास्तर

खालचं बटण बंद होतं! चालू केल्यावर निरोप यायचा थांबला. धन्यवाद. पण आता रेघ सरळच्या सरळ. आवाज शून्य. यादीत माईकपुढे 'नॉट प्लग्ड इन' असं लिहून येतंय, आणि पिन तर आत आहे.


कृष्णाकाठी

पुढच्या भोकातून काढा, मागच्या गुलाबीत लावा. मागचं भोक मदरबोर्डवरच असतं. पुढच्याला आतून एक बारीक वायर जाते, मदरबोर्डवर एच डी ऑडिओ असं लिहिलेल्या पिनांवर बसते. जोडणीवाले घाईत ती लावायचीच विसरतात, किंवा ए सी ९७ लिहिलेलं जुन्या पद्धतीचं टोक लावतात. मग पिन आत गेली हे कॉम्प्युटरला कळतच नाही.


शाळामास्तर

मागून चालला. पहिलीतली एक मुलगी माईक हातात घेऊन दहापर्यंतचे आकडे म्हणाली, ते रेकॉर्ड झालंय. आता वायर लांब लागणार, कारण टेबल भिंतीला लावलंय. ते बघतो. कृष्णाकाठी, साताऱ्याला आलात तर कंदी पेढे माझ्याकडून.


झटपट

बघा, जुनी विंडोज. मी म्हणालो होतो फॉरमॅट मारा.


कृष्णाकाठी

काय बोलणार आता.


जवारीवाला

मंडळी, आलो. वायरीची गंमत सांगतो. पहिल्या दुकानदाराने मला एक भोक आणि दोन पिनावाली वायरच दिली, आणि "सगळ्याला हीच चालते" म्हणून छातीठोक सांगितलं. कृष्णाकाठींनी वर लिहिलं होतं म्हणून तिथल्या तिथे परत केली. मग मोबाईलच्या एका दुकानात बरोबर वायर मिळाली.

माईक लावला, लॅपटॉपने लगेच काय जोडलंय म्हणून विचारलं, मी हेडसेट निवडलं. यादीत बाहेरचा माईक दिसायला लागला. ऑडॅसिटीत मात्र डिव्हाइसेस पुन्हा शोधायला लावल्यावरच आला, कारण ऑडॅसिटी आधीपासून उघडी होती. नख खरवडून बघितलं, आता बाहेरच्यावर खर्र येतोय. "हॅलो हॅलो, मिरज" म्हणालो, आवाज लख्ख. वडिलांनीही दोन शब्द बोलून घेतले.

मग तानपुरा घेतला. काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराचा, पुरुषी. जवारी सकाळीच लावलेली, दोरा बसवलेला, खोलीत तर भरून राहिला होता. रेकॉर्डिंग ऐकलं तर पहिली छेड येते मोठी, खणखणीत, आणि दोन-तीन सेकंदांत आवाज खाली खाली जातो, विहिरीत बादली सोडल्यागत. मग नुसती टक, टक, टक. बोटाने तार उचलतो तेवढा आवाज राहतो, नाद गायब. मी मध्येच खोकलो, तो खोकला मात्र स्वच्छ!

तार तीच, माईक तोच, बोलणं लख्ख येतं आणि तानपुरा बुडतो. हे काय गौडबंगाल आहे?


कृष्णाकाठी

सेल उतरला असेल. किंवा जोडवायर ढिली.


जवारीवाला

सेल नवा घातला. वायर हलवून बघितली. बोलणं कितीही वेळ बोला, येतं. बुडतो तो तानपुराच.


साउंडवाला_आण्णा

नमस्कार. मी सांगलीत नाटकाला आणि गाण्याच्या कार्यक्रमांना साउंड देतो. कृष्णाकाठी, सेलचं नाही हे. मला हे दुखणं ओळखीचं आहे.

जवारीवाला, एक करा. माईकसमोर एकच "आऽऽऽ" जेवढा दम आहे तेवढा, एका सुरात, न हलवता धरा. रेकॉर्डिंगमध्ये तुमचा आवाजही बुडतो का बघा.


जवारीवाला

आण्णा, बुडतो! पहिले दोन सेकंद आ, आणि मग कुणी तोंडावर हात ठेवल्यासारखा. हसावं का रडावं कळेना.


साउंडवाला_आण्णा

मग सापडला. लॅपटॉपात नॉइज सप्रेशन चालू आहे.

हल्लीचे लॅपटॉप मीटिंगसाठी बनवलेले असतात. समोरचा माणूस बोलतोय आणि मागे पंखा, कूलर, गाड्या असं धरूनच चालतात. त्या सॉफ्टवेअरला पंखा ओळखायला कुणी शिकवलेलं नसतं. ते एवढंच बघतं की कोणता आवाज एकाच जागी, एकाच सुरात, न थांबता चाललाय. माणूस बोलतो तेव्हा आवाज चढतो, पडतो, शब्दांमध्ये तुटतो. पंखा तुटत नाही. म्हणून जे तुटत नाही ते गोंगाट, आणि गोंगाट वजा करायचा. सुरुवातीचे दोन सेकंद त्याला ठरवायला लागतात, तेवढा तानपुरा तुम्हाला ऐकू येतो. ठरलं की कापून टाकतं. तारेवर बोट पडतं तो ठोका नवा असतो, म्हणून तुमची टक टक राहिली. खोकला राहिला त्याचंही कारण तेच.

आता बघा, तानपुऱ्याचं सगळं कसब कशात आहे? चार तारांच्या छेडी एकमेकींत मिसळून सलग नाद तयार होण्यात. कुठे सांधा दिसता कामा नये. तुमच्या घराण्याने जवारी घासून घासून जे साधलं, नेमकं तेच या सॉफ्टवेअरला पंखा वाटतं. तानपुरा जितका चांगला लागलेला, तितका तो लवकर कापला जाणार. भिकार लागलेला, तारा डगमगणारा तानपुरा आणा, तो जास्त वेळ टिकेल!

बंद करायचं असं. सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड. इनपुटच्या खाली तुमच्या बाहेरच्या माईकच्या नावावर क्लिक. आत 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' अशी ओळ आहे, तिथे ऑफ करा. ही सेटिंग प्रत्येक माईकची वेगळी असते, आतल्या माईकची बंद करून उपयोग नाही. एवढ्याने भागलं नाही तर लॅपटॉपसोबत साउंडचं म्हणून एक वेगळं अॅप आलेलं असतं, त्यात माईकच्या पानावर नॉइज सप्रेशन आणि एको कॅन्सलेशन अशी बटणं सापडतील. दोन्ही बंद. काही लॅपटॉपांत हे काम आणखी तिसऱ्या अॅपमध्ये लपवलेलं असतं, 'एआय' असं नाव बघून ओळखायचं.

विंडोज १० वाल्यांसाठी: वर कृष्णाकाठींनी सांगितलेल्या रेकॉर्डिंगच्या टॅबमध्ये माईकवर दोनदा क्लिक, एन्हान्समेंट्सचा टॅब, 'डिसेबल ऑल'.


मध्यम

आण्णा, अगदी, अगदी! मी विश्रामबागला गाण्याचे क्लास घेते. लॉकडाउनमध्ये ऑनलाइन सुरू केले तेव्हा मुलींना माझा तानपुरा कधी ऐकूच गेला नाही. त्यांना वाटायचं ताई तानपुऱ्याशिवायच शिकवतात. एकीची आई म्हणाली, मध्ये मध्ये टाळी कसली वाजते? ती माझी छेड होती.

झूममध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' अशी सोय आहे. ती सेटिंग्जमधल्या ऑडिओत चालू करायची आणि मग मीटिंगमध्ये वर डावीकडे येणारं बटणही दाबायचं, दोन्ही लागतं. मी ते सगळ्या मुलींकडूनही चालू करून घेतलं, कारण त्यांचा लांबवलेला षड्जही कापला जायचा. मी एका पोरीला दम कमी पडतो म्हणून रागावायची, बिचारी व्यवस्थित गात होती.


जवारीवाला

आण्णा, पाय कुठे आहेत तुमचे? साउंडच्या अॅपमध्ये दोन्ही बटणं चालू होती. बंद केली आणि तानपुरा आला. आऽऽऽ पण शेवटपर्यंत येतोय. वडिलांनी हेडफोन लावला, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "पंचमाच्या तारेचा मणका एक रती वर पाहिजे." म्हणजे पास.

आता शेवटचं विचारतो. मागे एक बारीक घूंऽऽ येतंय. पंख्याचं नाही, खोलीतला पंखा बंद ठेवलाय. खर्जाच्या तारेखाली ते लपतं, पण तार विझायला लागली की उघडं पडतं.


साउंडवाला_आण्णा

चार्जर काढा आणि बॅटरीवर रेकॉर्ड करा. घूं गेलं तर विजेचं आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, तीच घुसते. तुमच्या काळी एकच्या तानपुऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झवर, मधला षड्ज त्याच्या दुप्पट, १३९ च्या आसपास. म्हणजे घूं आणि खर्ज शेजारी शेजारी बसलेत. म्हणून नंतर सॉफ्टवेअरने घूं काढायला जाऊ नका, खर्जालाही ओरखडा पडतो. उगमावरच तोडा.

जुन्या वाड्यांत अर्थिंग बहुतेक नसतंच, सॉकेटला तिसरं भोक असलं तरी मागे वायर नसते. ते एकदा वायरमनकडून तपासून घ्या, रेकॉर्डिंगसाठी नाही, अंगाला शॉक बसू नये म्हणून. तीन पिनांच्या प्लगची वरची, अर्थिंगची जाड पिन मोडून घूं घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.


जवारीवाला

चार्जर काढला, घूं बंद. अर्थिंगचं कळवतो वायरमनला.


मध्यम

माईक कुठे ठेवलात? मी तुंब्यासमोर ठेवते, पण नुसता घुमारा येतो.


जवारीवाला

ताई, हे मात्र आमच्या अंगणातलं. तुंब्यासमोर ठेवला तर भोपळ्याचा घुमाराच येणार. आम्ही पंढरपूरकडचा भोपळा घेतो, जाड सालीचा, त्याचा आवाज गोल येतो पण जवारी तिथून बाहेर पडत नाही. जवारी तयार होते ती घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावर, तार घोडीच्या पाठीला घासत सुटते तिथे. अगदी घोडीला चिकटवलात तर करकर जास्त आणि नाद कमी. मी शेवटी घोडीपासून हातभर लांब, थोडा वरून, तबकडीच्या मध्याकडे तोंड करून ठेवला. माईक टेबलावर नको, टेबल थरथरतं. दोरीने पुस्तकांच्या फळीला टांगलाय. लॅपटॉप खोलीच्या दुसऱ्या टोकाला, वायर पुरते तेवढ्या लांब, नाहीतर आता सप्रेशन बंद आहे तर त्याचा पंखा खराखुरा येतो.


साउंडवाला_आण्णा

जागा बरोबर आहे. आवाजाची पातळी कुठे ठेवलीत?


जवारीवाला

माईक बूस्ट आपोआप ३० डेसिबलवर होता, तो १० वर आणला. छेडीचा सगळ्यात उंच ठोका ऑडॅसिटीत उणे १२ च्या आसपास जातो. ठीक ना?


साउंडवाला_आण्णा

ठीक. शून्याला टेकू देऊ नका. टेकला की जवारीच फाटल्यासारखी वाटते आणि गिऱ्हाईक म्हणतं घोडी खराब आहे. मोनोत घ्या, एकच माईक आहे तर दोन बाजू कशाला. ४८००० हर्ट्झ ठेवा, फाईल वेव्ह किंवा फ्लॅक. आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगा की हेडफोनवर ऐक. लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरला ६९ हर्ट्झ झेपत नाही, त्याला खर्ज ऐकूच जाणार नाही आणि तो तुम्हाला विचारत बसेल की चौथी तार कुठे आहे.


कृष्णाकाठी

आणि ब्लूटूथ हेडफोनचा माईक वापरायचा मोह कुणाला झाला तर: त्याचा माईक चालू झाला की तो फोनवरच्या बोलण्याच्या पद्धतीवर उतरतो, जुने तर ८००० हर्ट्झवर. म्हणजे ४००० च्या वरचं सगळं कापलेलं. बोलणं कळतं, जवारी कळणार नाही.


झटपट

एवढं सगळं करण्यापेक्षा यूएसबी माईक घ्यायचा ना. लावला की चालू.


साउंडवाला_आण्णा

हे मात्र झटपटरावांचं बरोबर आहे. पैसे खर्च करायची तयारी असेल तर यूएसबी माईक चांगला, पिनचे पट्टे मोजायला नकोत, लॅपटॉपच्या आतला घोंगावही येत नाही. फक्त एन्हान्समेंट्स त्यालाही लागू होऊ शकतात. विंडोज त्याला नवीन माईक समजतं, तेव्हा त्याच्या नावावर क्लिक करून पुन्हा एकदा बघायचं.


झटपट

हे कुठेतरी लिहून ठेवा, आण्णा मला बरोबर म्हणाले.


पेन्ग्विनपंत

व्हॉट्सअॅपवरून कसं पाठवताय? व्हॉइस नोट म्हणून रेकॉर्ड केलं तर परत बोलण्याच्या मापाने दाबलं जाईल.


जवारीवाला

नाही, डॉक्युमेंट म्हणून जोडतो, फाईल आहे तशी जाते. काल एका गिऱ्हाइकाला पाठवली, त्याने परत फोन करून विचारलं, जवारी थोडी बंद करून मिळेल का, इतकी उघडी नको. आवाज ऐकून जवारीवर बोलणारा माणूस पहिल्यांदा भेटला. नाहीतर लोक रंग आणि नक्षी विचारतात.


मध्यम

मला काळी चारचा ऐकायला मिळेल का? माझा आता जुना झालाय, तुंब्याला बारीक चीर दिसते.


जवारीवाला

ताई, काळी चारचा एक तयार आहे, पण पॉलिशला लावलाय, वाळेपर्यंत तारा चढवता येणार नाहीत. झाला की फाईल व्यनित (खाजगी निरोपात) पाठवतो. चिरेचा फोटो तोवर पाठवा, भोपळा वाचतोय का बघू, मग नव्याचं बोलू.